विश्लेषण : गटारातून किती सांडपाणी वाहते, हे मोजायचे कसे?

धरणातून किती पाणी सोडले याचा आकडा रोज छापून येतो. जलशुद्धीकरण केंद्रातून किती निघाले, हेही पालिका सांगते. अनेक सोसायट्यांच्या जोडणीवर मीटर असतो. मात्र तेच पाणी वापरून झाले, मोरीतून आणि संडासातून रस्त्याखालच्या वाहिनीत गेले, की त्याची मोजदाद जवळपास थांबते. पुढे ते दिसते ते थेट प्रक्रिया केंद्रात, नाहीतर मॅनहोलचे झाकण उचलून रस्त्यावर आल्यावर. या दोन टोकांच्या मध्ये, जमिनीखाली काय चालले आहे हे कळण्याची साधने आज उपलब्ध आहेत. ती कशी चालतात आणि आपल्या शहरांना त्यांचा काय उपयोग, हे समजून घेऊ.

सांडपाण्याचे आकडे मग येतात कुठून?

बहुतेक वेळा ते अंदाजाने काढलेले असतात. केंद्र सरकारच्या मलनिःसारणविषयक नियमपुस्तिकेनुसार पुरवलेल्या पाण्यापैकी साधारण ८० टक्के पाणी सांडपाणी होऊन परत येते असे धरतात. माणशी दिवसाला १३५ लिटर पुरवठा असेल, तर १०८ लिटर सांडपाणी. त्याला लोकसंख्येने गुणले की शहराचा आकडा तयार. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या २०२१ च्या अहवालानुसार देशाच्या नागरी भागात रोज ७२,३६८ दशलक्ष लिटर सांडपाणी तयार होते आणि प्रत्यक्षात २०,२३५ दशलक्ष लिटरवर प्रक्रिया होते. पहिला आकडा शेवटच्या अंकापर्यंत नेमका दिसतो, पण तो मीटर वाचून आलेला नाही.

नवीन शहर वसवताना, वाहिन्यांचा आराखडा करताना हा ठोकताळा उपयोगी आहे. पण त्यात बोअरवेलचे पाणी सहसा येत नाही, टँकरचे येत नाही. उन्हाळ्यात अर्धी सोसायटी टँकरवर चालणाऱ्या उपनगरात सांडपाणी हिशेबापेक्षा जास्त निघते. उलट फुटक्या वाहिनीतून मैलापाणी जमिनीत मुरत असेल, तर ते केंद्रापर्यंत पोहोचतच नाही. पावसाळ्यात तर हिशेब पुरता बिघडतो, कारण गच्चीवरचे आणि अंगणातले पाणी अनेक ठिकाणी मलवाहिनीतच सोडलेले असते.

मोजमापासाठी मॅनहोलच का?

कारण भूमिगत वाहिनीपर्यंत पोहोचण्याची तीच वाट आहे. वाहिनी जिथे वळते, जिथे दोन वाहिन्या मिळतात, जिथे उतार किंवा व्यास बदलतो, तिथे मॅनहोल असते. लहान व्यासाच्या वाहिन्यांवर तर सरळ रेषेतही साधारण ३० मीटरवर एक. त्याच्या तळाशी अर्धगोल नाळ असते आणि वाहते पाणी उघडे दिसते. शहरात अशी हजारो ठिकाणे असतात, पण प्रत्येक ठिकाणी यंत्र लावण्याची गरज नसते. मोठ्या वाहिन्यांचे संगम, उदंचन केंद्रांच्या अलीकडच्या जागा आणि नेहमी तुंबणारे कोपरे एवढे नीट निवडले, तरी शहराची नाडी बऱ्यापैकी हाती लागते. जागा निवडणे हेच यातले खरे कसब. वळणाशी किंवा संगमाला लागून पाणी उसळत असते, तिथे उत्तम यंत्रही चुकीचे आकडे देते. त्यामुळे वाहिनी सरळ आणि प्रवाह शांत असलेले मॅनहोल शोधावे लागते.

पाण्याची उंची मोजली की भागत नाही का?

पुष्कळदा असे वाटते, आणि स्वस्तातल्या योजना इथेच थांबतात. उंचीवरून प्रवाह काढण्याचे सूत्र आयरिश अभियंता रॉबर्ट मॅनिंग यांनी १८८९ मध्ये मांडले आणि आजही जगभर तेच वापरतात. वाहिनीचा व्यास, तिचा उतार, आतल्या पृष्ठभागाचा खडबडीतपणा आणि पाण्याची उंची एवढे ठाऊक असले की प्रवाह निघतो.

एक उदाहरण घेऊ. ३०० मिलिमीटर व्यासाची वाहिनी आहे आणि तिला २०० मीटरला एक मीटर उतार आहे. सूत्रानुसार ती पूर्ण भरून वाहिली तर सेकंदाला सुमारे ६८ लिटर पाणी नेते, अर्धी भरली तर ३४ लिटर. गंमत अशी, की उंची आणि प्रवाह सरळ प्रमाणात वाढत नाहीत. पाव उंचीला पूर्ण प्रवाहाच्या जेमतेम १४ टक्के पाणी वाहते, तर पाऊण उंचीला ९१ टक्के. सेकंदाला ३४ लिटर म्हणजे दिवसाला २९ लाख लिटरांहून अधिक, साधारण २७ हजार लोकांचे सांडपाणी.

आता याच वाहिनीत पुढे कुठेतरी प्लास्टिकचा आणि गाळाचा बोळा अडकला आहे असे समजा. मागे पाणी तुंबते. आपल्या मॅनहोलमध्ये उंची तीच, अर्धी वाहिनी भरलेली. सूत्र सांगते ३४ लिटर, आणि प्रत्यक्षात पाणी जागचे हललेले नाही. म्हणजे ज्या दिवशी आकडा खरा हवा, नेमक्या त्याच दिवशी तो खोटा निघतो. सूत्र गृहीत धरते की पाणी उताराने मोकळे वाहते आहे. तुंबलेल्या, गाळाने उथळ झालेल्या किंवा भरतीच्या वेळी मागे रेटल्या जाणाऱ्या वाहिनीला हे लागू होत नाही. म्हणून उंचीच्या जोडीला वेगही मोजावा लागतो.

वेग मोजतात कसा?

स्टेशनात न थांबता जाणाऱ्या गाडीचा भोंगा जवळ येताना चढा आणि लांब जाताना उतरता ऐकू येतो. हाच डॉप्लर परिणाम. वाहिनीच्या तळाशी बसवलेला लहानसा सेन्सर पाण्यात श्राव्यातीत ध्वनिलहरी सोडतो. पाण्यातल्या कणांवर आणि बुडबुड्यांवर आपटून त्या परत येतात आणि त्यांच्या बदललेल्या कंप्रतेवरून वेग कळतो. ही पद्धत घाण पाण्यातच चांगली चालते, कारण अगदी नितळ पाण्यात लहरी परतवायला काही नसते. त्याच सेन्सरमध्ये दाबावरून पाण्याची उंची मोजण्याची सोय असते. उंचीवरून पाण्याचा काटछेद मिळतो, त्याला सरासरी वेगाने गुणले की प्रवाह.

दुसरा प्रकार पाण्याला न शिवणारा. मॅनहोलच्या वरच्या भागात रडार बसवतात. ते एका लहरीने पातळी मोजते आणि दुसरीने पृष्ठभागाचा वेग. पृष्ठभागाचा वेग आणि एकूण सरासरी वेग सारखा नसतो, त्यामुळे त्यात हिशेबाने दुरुस्ती करावी लागते. वाहिनी तोंडापर्यंत भरली आणि यंत्रच बुडाले, तर त्याची दृष्टी जाते. काही यंत्रांना त्यासाठी खाली जोडसेन्सर देतात.

याहून जुनी रीत म्हणजे प्रवाहात ठरावीक आकाराचा अडथळा उभा करणे. इंग्रजी व्ही अक्षराची खाच असलेला पत्रा आडवा लावला की खाचेतल्या पाण्याच्या उंचीवरून प्रवाह मिळतो. काटकोनी खाचेत १० सेंटीमीटर उंचीला सेकंदाला सुमारे साडेचार लिटर वाहतात, २० सेंटीमीटरला जवळपास २५. प्रयोगशाळेत ही पद्धत अत्यंत अचूक आहे. गटारात मात्र पत्र्यामागे तासाभरात चिंध्या, केस आणि मैला साचतो. हे ओळखून लॉस एंजेलिस परगण्यातल्या पामर आणि बॉलस या अभियंत्यांनी १९३० च्या दशकात एक अरुंद होत जाणारी नाळ तयार केली. ती मॅनहोलच्या तळाच्या अर्धगोलात बसते, कचरा तिच्यातून निघून जातो आणि मापही मिळते. आजही अनेक ठिकाणी ती वापरात आहे.

अशा जागी यंत्रे टिकतात का?

सांभाळली तर टिकतात, आणि योजना फसतात त्या इथेच. तळाच्या सेन्सरवर गुंतवळ आणि वंगण चढते. वरून ध्वनिलहरी सोडणाऱ्या यंत्राला फेस, कोळ्याचे जाळे किंवा काचेवर जमलेले बाष्प फसवते. हायड्रोजन सल्फाइडमुळे तयार होणारे आम्ल धातू खाते. मिथेन साठण्याची शक्यता असल्याने ठिणगी उडणार नाही अशीच बनावट लागते. लोखंडी झाकणाखालून मोबाइलचे सिग्नल नीट बाहेर येत नाहीत, त्यासाठी अँटेना झाकणातच किंवा रस्त्याच्या कडेला बसवतात. वीज नसते, त्यामुळे बॅटरी. ती पुरावी म्हणून यंत्र अखंड न चालता पाच किंवा पंधरा मिनिटांनी एकदा जागे होऊन वाचन घेते.

खरेदीची निविदा निघते, उद्घाटन होते, नियंत्रण कक्षात मोठा पडदा लागतो. दीड वर्षांनी पडद्यावरचे निम्मे ठिपके करडे झालेले असतात, कारण देखभालीचा पैसा करारात नव्हता. या विषयात यंत्राच्या किमतीपेक्षा पुढच्या पाच वर्षांच्या साफसफाईचा करार अधिक महत्त्वाचा असतो.

मोजल्यावर प्रवाह नियंत्रित करता येतो?

येतो, आणि त्याचे गाजलेले उदाहरण अमेरिकेतल्या इंडियाना राज्यातल्या साउथ बेंडचे आहे. लाखभर वस्तीचे हे गाव सेंट जोसेफ नदीकाठी आहे. अमेरिकेतल्या सुमारे ७०० जुन्या शहरांप्रमाणे इथेही पावसाचे पाणी आणि मैलापाणी एकाच वाहिनीतून जाते. जोराचा पाऊस आला की वाहिनीत मावत नाही, आणि बांधावरून ओसंडून सगळे नदीत. हे थांबवण्यासाठी शहराला प्रचंड भूमिगत टाक्या आणि बोगदे बांधावे लागणार होते. २०११ च्या अखेरीस केंद्रीय पर्यावरण यंत्रणेशी झालेल्या करारात हा खर्च ५० कोटी डॉलरहून अधिक धरला होता. एवढ्या लहान गावाला तो झेपणारा नव्हता.

तोवर नोत्र दाम विद्यापीठातल्या संशोधनातून पुढे आलेल्या एका कंपनीच्या मदतीने शहराने २००८ मध्ये शंभरहून अधिक ठिकाणी वाहिन्यांत सेन्सर बसवले होते. त्यांनी जे दाखवले ते अनेक शहरांना लागू पडेल. एका भागात वाहिनी ओसंडून नदीत जात असताना दुसऱ्या भागातल्या मोठ्या वाहिन्या अर्ध्या रिकाम्या होत्या. पाऊस शहरभर एकाच वेळी, सारखाच पडत नाही. जागा होती, पण ती कुठे आहे हे कोणालाच दिसत नव्हते.

पुढे मोक्याच्या नऊ ठिकाणी संगणकाच्या आज्ञेने उघडझाप करणाऱ्या झडपा बसवल्या. त्यांचे गणित बाजारासारखे चालते. प्रत्येक वाहिनी जणू पुढच्या मोठ्या वाहिनीतली जागा विकत घेण्यासाठी बोली लावते. जी जास्त भरली तिची बोली मोठी, तिला वाट आधी. जिला उसंत आहे तिची झडप थोडी मिटते आणि पाणी तिच्याच पोटात थांबते. शहराच्या आकडेवारीनुसार नदीत ओसंडणारे पाणी सुमारे ७० टक्क्यांनी, म्हणजे वर्षाला १०० कोटी गॅलनहून अधिक घटले. पाऊस नसतानाही, केवळ वाहिनी तुंबल्याने नदीत जाणारे मैलापाणी जवळपास थांबले, कारण तुंबण्याची चाहूल आधीच लागू लागली. २०२१ मध्ये जुना करार बदलून कमी खर्चाचा आराखडा मान्य झाला. टाक्या बांधाव्या लागल्याच, मात्र पूर्वीच्या हिशेबापेक्षा कमी.

झडपांखेरीज इतर साधनेही आहेत. हवा भरली की फुगून पाणी अडवणारी रबरी धरणे मोठ्या वाहिन्यांत वापरतात. भोवऱ्याच्या तत्त्वावरचे एक नियंत्रक असते, त्याला ना वीज लागते ना फिरता भाग. पाणी वाढले की त्याच्या पोटात भोवरा तयार होतो आणि तोच प्रवाहाला ब्रेक लावतो.

मुंबई-पुण्यात याचा उपयोग काय?

साउथ बेंडची नक्कल करून चालणार नाही. मुंबईत पर्जन्य जलवाहिन्या आणि मलवाहिन्या कागदोपत्री वेगळ्या आहेत. रस्त्यावर दिसणारे प्रत्येक गोल झाकण मलवाहिनीचे नसते. २९ ऑगस्ट २०१७ च्या मुसळधार पावसात प्रभादेवीत एका नामवंत डॉक्टरांचा बळी घेणारे मॅनहोल पर्जन्यवाहिनीचे होते आणि साचलेले पाणी ओसरावे म्हणून त्याचे झाकण उघडलेले होते. पाणी तुंबले की झाकण काढणे, हे आपल्याकडचे सर्वात जुने आणि सर्वात जीवघेणे प्रवाह नियंत्रण. आत किती पाणी आहे, ते कोणत्या वेगाने ओढते आहे, हे वरून कळत नाही. आणि वाहिनी खालून भरलेलीच असेल, तर झाकण काढून पाणी उतरतही नाही.

प्रत्यक्षात या दोन जाळ्यांत ठिकठिकाणी सरमिसळ झाली आहे. ती शोधण्याचा साधा मार्ग म्हणजे सततचे मोजमाप. कोरड्या दिवसांत मलवाहिनीचा प्रवाह सकाळी चढतो, दुपारी उतरतो, संध्याकाळी पुन्हा चढतो. पावसाच्या दिवशी तो तासाभरात दुप्पट-तिप्पट झाला, तर पावसाचे पाणी त्यात शिरते आहे हे उघड आहे. ओळीने तीन-चार मॅनहोल पाहिली की कोणत्या गल्लीतून, तेही सापडते. पहाटे दोन ते चारच्या दरम्यान शहर झोपलेले असते. तेव्हाही प्रवाह बराच दिसला तर भूजल फुटक्या जोडांतून आत येते आहे, किंवा कुणीतरी रात्रीत टँकर रिकामे करते आहे.

मुंबई सपाट आहे. मलवाहिन्या उताराने खोल जातात आणि उदंचन केंद्रातून पाणी वर उचलावे लागते. केंद्रातले पंप थांबले की मागची सगळी साखळी भरत येते. कुठल्या मॅनहोलमध्ये किती मिनिटे उरली, हे आधी कळले तर रस्त्यावर मैला येण्यापूर्वी काहीतरी करता येते. मुंबईत वरळीपासून मालाडपर्यंत सात नवी प्रक्रिया केंद्रे उभी राहत आहेत. जानेवारी २०२३ मध्ये त्यांची पायाभरणी झाली, खर्च सुमारे १७ हजार कोटी रुपये, एकत्रित क्षमता दिवसाला सुमारे २,४६० दशलक्ष लिटर. पुण्यातही जपानी कर्जातून ११ केंद्रे उभारण्याचा प्रकल्प आहे, क्षमता ३९६ दशलक्ष लिटर. केंद्रे बांधून झाली तरी त्यांच्यापर्यंत किती मैलापाणी पोहोचते आणि किती वाटेतच नाल्यात वळते, हे वाहिनीत मोजल्याशिवाय समजणार नाही.

अर्थात, ज्या वस्त्यांत मलवाहिनीच नाही आणि संडासाचे पाणी सरळ नाल्यात जाते, तिथे मोजायला मॅनहोलच नाही. त्यांचा प्रश्न सेन्सरने सुटणारा नाही.

आणि मॅनहोलमध्ये उतरणाऱ्यांचे काय?

हाताने मैला साफ करण्यास बंदी घालणारा कायदा २०१३ चा आहे. सुरक्षा साधनांशिवाय माणसाला गटारात किंवा सेप्टिक टँकमध्ये उतरवणे त्यानुसार गुन्हा आहे. सर्वोच्च न्यायालयाने मार्च २०१४ मध्ये अशा मृत्यूंसाठी १० लाख रुपयांची भरपाई ठरवली, ऑक्टोबर २०२३ मध्ये ती ३० लाख केली. त्याच वर्षीच्या केंद्रीय अर्थसंकल्पात 'मॅनहोल'कडून 'मशीन होल'कडे जाण्याची घोषणा झाली. तरीही माणसे उतरतात आणि मरतात. हायड्रोजन सल्फाइड थोडा असताना कुजक्या अंड्यासारखा वास येतो, प्रमाण वाढले की नाकाची वास घेण्याची शक्तीच बधिर होते. गाळ ढवळला की अडकलेला वायू एकदम सुटतो, त्यामुळे उतरण्यापूर्वी हवा तपासली तरी धोका टळत नाही. त्यातच वरच्या अंगाला पंप सुरू झाला किंवा पाऊस आला, तर पाण्याचा लोंढा येतो.

प्रवाहाच्या मोजमापाचा इथे थेट संबंध आहे. आज बहुतेक ठिकाणी तक्रार आल्यावर गाडी येते. तोवर वाहिनी पूर्ण बंद झालेली असते, बोळा घट्ट झालेला असतो, जेटिंग यंत्राने सुटत नाही आणि मग कुणाला तरी दोर बांधून खाली पाठवले जाते. वाहिनी एकदम बंद होत नाही. स्वतःचा गाळ स्वतः वाहून नेण्यासाठी पाण्याला सेकंदाला किमान ०.६ मीटर वेग लागतो. तो कमी होऊ लागला, उंची वाढू लागली, म्हणजे तळ भरतो आहे. ही खूण तुंबण्याच्या कितीतरी दिवस आधी दिसते. तेव्हा यंत्राची एक फेरी पुरते.

दुरुस्तीसाठी उतरणे खरोखर अटळ असेल, तर वरच्या मॅनहोलमध्ये फुगवण्याचा बूच बसवून प्रवाह अडवतात आणि पंपाने तो वळसा घालून पुढे सोडतात. किती पाणी येणार हे माहीत असेल तरच पंप योग्य क्षमतेचा लावता येतो. आपल्याकडे ही कामे अनेकदा वाळूच्या गोण्या आणि ठेकेदाराच्या अनुभवावर चालतात.

यात एक विरोधाभास मात्र आहे. तळाशी बसणारा डॉप्लर सेन्सर लावायला आणि त्यावरचा गुंतवळ काढायला बहुधा माणसालाच खाली जावे लागते. वरून टांगलेले रडार रस्त्यावर उभे राहून, लांब दांड्याने बसवता आणि पुसता येते. अचूकतेत ते काही ठिकाणी थोडे मागे पडेल. कोणते यंत्र घ्यायचे हे ठरवताना निविदेत अचूकतेची टक्केवारी असते, हमीची वर्षे असतात, बॅटरीचे आयुष्य असते. यंत्र बसवायला आणि पुसायला किती वेळा, किती माणसे आत उतरतील, हा रकानाही त्यात हवा.